नर्मदा आतेची पायरी

काशीराम गेला आणि त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत परशुराम आणि धोंडू या त्याच्या दोन मुलग्यांनी घर वाटून घेतलं. माड वाटले, भाताचे कुणगे वाटले, तांब्याची भांडी वाटली. विहीर कापता येत नव्हती म्हणून ती सामाईक राहिली. माजघरातून मातीची भिंत गेली आणि एका घराला शेजारी शेजारी दोन दारं झाली. सगळं झाल्यावर पंचांपैकी एकानं पानाचा तोबरा भरता भरता विचारलं, "आणि आते?"

नर्मदा आते तेव्हा पडवीत बसून पंचांसाठीच सुपारी कातरत होती. काशीरामाची ही धाकटी बहीण. परकरात असतानाच तिला कुणकेश्वराच्या बाजूला दिली होती, आणि सासरचा उंबरा ओलांडायच्या आधीच नवरा पटकीनं गेला, म्हणून ती माहेरीच राहिली. पुढं परशुराम पाच वर्षांचा आणि धोंडू अंगावर पिणारा असताना त्यांची आई वारली. तेव्हापासून त्या दोघांची नाकं पुसली ती हिनं, धोंडूला तापात मांडीवर घेऊन रात्रीच्या रात्री बसली ती ही, आणि परशुरामाला शाळेत मार बसला म्हणून पंतोजीच्या दारात जाऊन भांडली तीही हीच. पंचांच्या प्रश्नावर दोघे भाऊ जमिनीकडे बघू लागले.

शेवटी पंचांनी निवाडा दिला. अवसेपासून पुनवेपर्यंत आते धोंडूकडे, पुनवेपासून अवसेपर्यंत परशुरामाकडे. पंधरवडा बदलायचा तो दिवेलागणीला. निजायला पडवी, कारण पडवी दोघांची. पंचांना वाटलं, झकास न्याय झाला. विहिरीसारखी आतेही सामाईक राहिली. फरक एवढाच, की विहिरीचं पाणी दोघांनाही हवं होतं.

दोन दारांच्या मधोमध जांभ्या दगडाची एक रुंद पायरी होती. ती कुणाच्या वाट्याला घालायची हे पंच विसरले, म्हणून ती आतेची झाली. ती तिथं बसून तांदूळ निवडायची, वाती वळायची, खाडीकडे बघत बसायची. पंधरवडा बदलायच्या दिवशी एका दारातून म्हणायचे, आज तिकडं जेवली असेल. दुसऱ्या दारातून म्हणायचे, आज तिकडंच जेवणार असेल. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण ज्यानं केली त्यानं नर्मदा आतेला पाहिलं असावं. पण तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. मिजास म्हणा, अब्रू म्हणा, तिच्यापाशी तेवढंच शिल्लक होतं. बोलावलं तर जायचं, न बोलावता ताटावर जाऊन बसायचं नाही, एवढा एक नियम तिनं स्वतःला घालून घेतला होता.

तिच्या आयुष्यात सुखाचे म्हणावे असे दिवस यायचे ते दर तीन-चार वर्षांनी, गावपळणीला. देवगड आणि मालवणच्या मध्ये, खाडीच्या मुखाशी असलेल्या या पाटखोल गावाची ती रीत. गुरवानं देवाला कौल लावायचा, देवानं उजवा दिला की दिवस ठरायचा, आणि त्या दिवशी देवळातला ढोल वाजला की अख्ख्या गावानं वेशीबाहेर पडायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि तीन दिवस गाव देवाच्या हवाली करायचं. तेवढ्या काळात गावात देव फिरतो, भुताखेतांना हाकलतो, आणि शिवेच्या आत माणसाचा श्वासही राहता कामा नये, अशी समजूत. मग कुणी वरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, झावळ्यांच्या खोपी बांधायचे, कुणी खाडीपलीकडच्या वाळूत. एकमेकांच्या खोपीत जेवणं, पोरांचा गोंगाट, म्हाताऱ्यांच्या गजाली. ज्या बाईला लग्नकार्यात पुढं येऊ देत नसत, तिला त्या तीन दिवसांत कुणी मागं हो म्हणत नसे. मोकळ्या आभाळाखाली विधवा कोण आणि सवाष्ण कोण, हे बघायला कुणाला सवड नसे.

लहानपणी वडलांनी तिला अशाच एका पळणीत सड्यावरून खाडी दाखवली होती. उदमांजरांची जोडी खडकावर मासा फोडून खाताना तिनं तेव्हा पाहिली. देवळामागच्या जुन्या आंब्यावर काकणाचं घरटं होतं, समुद्रावरचा तो मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी. वडील म्हणायचे, तो गावाच्या आधीचा आहे. तेव्हापासून प्रत्येक पळणीला ती पहाटे उठून सड्याच्या टोकाला जाऊन बसायची. बाकीचे हसायचे. हसू देत, असं ती म्हणायची.

एकोणसाठ साल लागलं आणि देवानं कौल दिला तो नेमका अवसेचा. आतेनं आठ दिवस आधीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. एक टोप, तांदूळ, मीठ, चार कोकमाची सोलं, पोहे, गुळाचा खडा, नेसूचं एक लुगडं आणि घोंगडी. दुपारी ढोल वाजला तेव्हा ती गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर तयार बसली होती.

परशुराम देवळातला मानकरी. देवाच्या तरंगकाठीमागं चालायचा मान त्याचा, त्यामुळं तो आधीच पुढं गेला होता. त्याची बायको पार्वती कडी घालता घालता मुलाला म्हणाली, "आते दिवेलागणीपासून धोंडूभावजींकडची. ती तेंच्या वांगडा जातली." धोंडूला खाडीपलीकडे सासुरवाडीच्या माणसांत खोप घालायची होती आणि होडी सुटायची घाई होती. त्याची बायको सरला दुसऱ्या दाराशी म्हणत होती, "दिवेलागण होईसर आते तेंच्याकडची. तेच नेतले तिका." दोघींनीही खोटं सांगितलं नाही. पंचांच्या निवाड्याबरहुकूम दोघीही खऱ्या होत्या.

मधल्या पायरीवर बसलेल्या आतेनं दोन्ही ऐकलं. कुणी एकानं मान वळवून "चल गो आते" म्हटलं असतं तर ती उठली असती. पाय तिचे धड होते, साठीतही ती विहिरीवरून दोन कळश्या आणायची. पण कुणी मान वळवली नाही. कोंबड्या डालग्यात घातल्या, मांजर पिशवीत घातलं, म्हैस सोडली, आणि दोन्ही घरं दोन वाटांनी निघून गेली. ढोल सड्याकडे चढत गेला. बघूया, आते मनाशी म्हणाली, पाणंदीच्या वळणावर तरी कुणाला आठवण येते का बघूया.

दिवेलागण झाली. कुठल्याच दारात दिवा लागला नाही, त्यामुळं ती कुणाच्या पंधरवड्यात आहे हे ठरायला मार्ग उरला नाही. तिला प्रथम हसू आलं. मग रडू आलं, आणि ते मात्र लवकर थांबेना. ज्याला तिनं बोट धरून चालायला शिकवलं त्यानं मांजर मोजून नेलं होतं.

सकाळी तिनं पोहे नारळाच्या पाण्यात भिजवून खाल्ले. चूल पेटवली नाही. पळणीत गावातून धूर निघता कामा नये, ही रीत आपण मोडू नये असं तिला वाटलं. गावानं आपल्याला टाकलं म्हणून आपण गावाला टाकायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. शिवेबाहेर जावं तरी कुणाच्या खोपीत? सड्यावर गेलं तर पार्वती म्हणणार, आता पंधरवडा धोंडूचा. खाडीपलीकडे जायला होडी नाही. शिवाय न बोलावता जायचंच नाही, ही तिची अट होतीच.

ती पायरीवर बसून राहिली, आणि मग गावात एकेक पाहुणे येऊ लागले. धनेशांची जोडी पंख वाजवत वडावर उतरली. एक कोल्हा परशुरामाच्या खळ्यात आला, तुळशीभोवती हुंगून विहिरीपाशी सांडलेलं पाणी प्यायला आणि तिच्याकडे बघून सावकाश निघून गेला. खाडीच्या घाटावर, जिथं रोज बायका भांडी घासायच्या, तिथं उदमांजरं चढली, दोन मोठी आणि तीन पोरं, आणि मुलांसारखी ओरडत एकमेकांना पाण्यात ढकलू लागली. घरटं अजून होतंच त्या आंब्यावर. काकण समुद्रावरून पायात साप लोंबकळवत आला आणि फांदीवर बसून फाडू लागला. इतकं सगळं इतक्या जवळून तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. दाखवायला मात्र शेजारी कुणी नव्हतं.

ऊन तापल्यावर समुद्राकडच्या वाटेनं माणसांचा आवाज आला. आते ताडकन उठली. इले, ती म्हणाली. पण आली ती वेगळीच माणसं. मुंबईच्या कॉलेजातली चार मुलं आणि एक मुलगी, पाठीवर पिशव्या, गुंडाळलेला तंबू, गळ्यात दुर्बिणी. देवगडाहून किनाऱ्या-किनाऱ्यानं मालवणपर्यंत चालत निघाली होती. पक्षी बघायचे, वाटेत कुठंही तंबू ठोकायचा. कुणकेश्वराला रात्र काढून ती पुढं निघाली आणि वाट चुकून पाटखोलात शिरली. गाव उघडं आणि माणूस नाही, हे बघून ती जरा भेदरलेलीच होती.

"आजी, गावातली माणसं कुठं गेली?" मुलीनं विचारलं. तिचं नाव शुभदा. लंगडत होती, टाचेत काटा मोडला होता.

"भायर गेली हत. येतली परवा."

"आणि तुम्ही एकट्याच?"

आतेनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. आपल्या घरच्यांची लाज परक्यांपुढं उघडी करायची तिला सवय नव्हती. "माका राखणेक ठेवल्यानी हत," ती म्हणाली. "बस तू. पाय दी हय."

तिनं सुईनं काटा काढला, वर चुना लावला. पोरं सकाळपासून उपाशी होती हे त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं. आतेनं एकदा देवळाकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मग खळ्यात तीन दगड मांडले. दारात आलेल्याला उपाशी पाठवणं हे धूर काढण्यापेक्षा मोठं पाप, असा तिनं देवाशी मनातल्या मनात वाद घातला आणि आपणच जिंकली. तिनं आपल्या गाठोड्यातले सगळे तांदूळ टोपात ओतले, पेज केली, सोलं मिठात चुरून वर दिली. पोरं नारळाच्या करवंट्यांतून पेज भुरकत होती आणि ती बघत होती. कितीतरी वर्षांनी तिनं स्वतःच्या मनानं कुणाला वाढलं होतं.

शुभदानं तिला दुर्बीण दिली. आधी तिला नुसतंच धुकं दिसलं. शुभदानं तिच्या खांद्यावर हात ठेवून दुर्बीण आंब्याकडे वळवली, मधली चकती फिरवली, आणि काकण एकदम तिच्या मांडीवर आल्यासारखा जवळ आला. त्याचा डोळा दिसला. दुर्बीण परत द्यायला तिला जड गेलं, आणि खांद्यावरचा तो हात उचलला गेल्यावरही तिथली ऊब तिला बराच वेळ जाणवत राहिली.

पोरांना देवळाच्या आवारात तंबू ठोकायचा होता. आतेनं मुळीच ऐकलं नाही. "आज हय देव फिरता. तुम्ही सड्यार जावा, थंय गाव आसा." निघताना सगळी तिच्या पाया पडली. मी इथं होते हे सांगू नका, असं ती त्यांना म्हणू शकली असती. शब्द ओठावर आला होता. तिनं तो गिळला. तिला वाटलं, कळू दे. कळलं की येतील.

ती सगळी संध्याकाळ तिनं वाट पाहिली. विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, केस विंचरले, गाठोडं पुन्हा बांधलं. दुसरा दिवस अर्धा गेला तेव्हा सड्याच्या बाजूनं हाक आली. "आते. गो आते."

परशुरामाचा आवाज. लहानपणी भूक लागली की याच सुरात तो हाक मारायचा. आते गाठोडं घेऊन धावतच निघाली, तिला स्वतःलाच लाज वाटेल अशी. शिवेच्या दगडापलीकडे परशुराम उभा होता. एकटाच. पाय दगडाच्या अलीकडे पडू नये म्हणून दोन हात मागं.

"थंयच रव," तो म्हणाला. "भायर येव नको."

आते थांबली.

परशुराम खाली बघत बोलत होता. पोरांनी सड्यावर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, तुमच्या गावात एक आजी आहे, देवळाजवळच्या दोन दारांच्या घरापुढं पायरीवर बसते, तिनं आम्हाला पेज दिली. गावात धूर दिसल्याचं दोघा-तिघांनी त्याआधीच म्हटलं होतं. मानकऱ्याच्या घरचं माणूस शिवेच्या आत राहिलं, म्हणजे पळण बाटली, देव कोपला, मान गेला. तो काही बोलणार तेवढ्यात म्हाताऱ्या गुरवानं हात जोडले. गावात माणूस नाही, मग पेज कोण देणार? दारात आलेल्या पाहुण्यांना गावदेवी आई सातेरीनं स्वतः पेज वाढली. बायकांनी तिथंच लोटांगण घातलं. पोरं सांगत होती, अहो नाही, ती खरी बाई होती. पण तोवर ऐकायला कोण होतं? आणि परशुरामानं तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"उद्या गाव भरतला," तो म्हणाला. "तू मागच्या व्हाळातल्या वाटेन ये आणि सगळ्यांत मिसळ. कोणी विचारल्यानी तर धोंडूकडे होतंय म्हणान सांग. धोंडूक मी सांगान ठेवलंय."

आते त्याच्याकडे बघत राहिली. "मी जेवलंय काय, ता तरी विचार."

परशुराम म्हणाला, "माझो मान जायत आते. पोराबाळांचा काय होयत, ता बघ." आणि त्यानं गावाच्या दिशेनं हात जोडले. हात आतेच्या डोक्यावरून देवळाकडे जोडलेले होते. तो वळून सड्याकडे चालू लागला.

तिला राग आला नाही असं नाही. एवढा आला की तिथंच ओरडून सगळा सडा गोळा करावा. पण तोच पोरगा होता, ज्याच्या वतीनं ती पंतोजीशी भांडली होती. त्याची अब्रू राखायची सवय तिच्या हाडात मुरली होती, आणि सवयीपुढं रागाचं काही चाललं नाही. चौथ्या दिवशी ढोल वाजला, गाव आत शिरला, आणि ती मागच्या वाटेनं येऊन त्यांच्यात मिसळली. कुठं होतीस असं तिला कुणीही विचारलं नाही. खोटं बोलायची तयारी करून आलेल्या माणसाचा तो केवढा मोठा अपमान होता.

दारात गर्दी होती. बायका तिची पायरी दुधानं धूत होत्या. कुणी हळद वाहत होतं, कुणी कुंकू. तीन दगडांखालची राख पुड्या बांधून वाटली जात होती. आते नेहमीसारखी टेकायला गेली तर पार्वतीनं तिचा दंड धरला. "थंय पाय लावू नको आते. देवी बसली होती थंय."

त्या दिवसापासून पायरी गेली. घरातली जी एकच जागा तिची होती, तीही वाटणीत गेली, आणि गेली ती तिच्याच नावावर. तोंडातोंडी देवीचं रूपही भरत गेलं. पोरांनी सांगितलेलं फिकं लुगडं महिन्याभरात हिरवंगार झालं, अंगात चोळी आली, हातात चुडा आला. कपाळाला रुपयाएवढं कुंकू आलं. नर्मदा आतेच्या कपाळाला पन्नास वर्षांत जे कुणी लावलं नव्हतं, ते गावानं देवीला बोलता बोलता लावून टाकलं.

पुढच्या वर्षी पायरीवर चिरेबंदी घुमटी झाली. परशुरामाचा मान दुणावला. देवी आली ती त्याच्या दारात, आणि धोंडूनं लगेच दाखवून दिलं की अर्धी पायरी त्याच्या दारासमोर पडते. दर पौषातल्या प्रतिपदेला पेजेचा नैवेद्य ठरला. भांडणं होऊन शेवटी दोन्ही घरांनी वेगवेगळा नैवेद्य दाखवायचा ठरलं. देवीला पंधरवडा नव्हता. तिला दोन्ही घरचं एकाच वेळी मिळायचं, वर तूप आणि नारळाचा चव घालून. घुमटीपुढं रोज झाडायचं काम आतेकडं आलं, कारण विधवेला पूजेचा अधिकार नव्हता, झाडायचा होता. पुढच्या पळणीला देवीचा नारळ तांबड्या फडक्यात बांधून परशुरामानं डोक्यावरून नेला. आतेला बरोबर घेतलं यात शंका नाही. कोंबड्यांचं डालगं तिच्याकडे होतं.

काकणाचं घरटं असलेला आंबा घुमटीच्या छपराला लाकूड हवं म्हणून पाडला गेला. तो पक्षी दोन दिवस त्या जागेवर घिरट्या घालत ओरडत राहिला. आते हातातलं झाडणं तसंच धरून ते बघत होती. कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं?

सात वर्षं अशी गेली. त्या प्रतिपदेला घुमटीपुढं बरीच गर्दी होती, लांबलांबचे लोक आले होते. गुरव गाऱ्हाणं घालायच्या बेतात होता, तेवढ्यात समुद्राकडच्या वाटेनं शाळेतल्या मुलींचा एक घोळका आला, आणि त्यांच्यापुढं त्यांची बाई. गळ्यात दुर्बीण. मुंबईच्या कुठल्याशा शाळेत शिक्षिका झालेली शुभदा मुलींना किनारा दाखवायला घेऊन आली होती. आंब्यावरचा पक्षी बघायला ती मुद्दाम या गावात वळली होती, आणि आंबा दिसेना म्हणून इकडंतिकडं बघत होती.

कुणीतरी तिला देवीची हकीकत सांगू लागलं, अशीअशी मुंबईची पोरं आली होती म्हणून. शुभदा ऐकता ऐकता थांबली. "अहो, ती पोरं म्हणजे आम्ही," ती म्हणाली. "पेज मीच प्यायले होते."

गर्दीतून शहारा गेला. बायका तिच्या पाया पडायला धावल्या. परशुरामाचा चेहरा तर उजळून निघाला. एवढी वर्षं नुसत्या ऐकीवावर चाललेल्या देवीला आज साक्षीदार मिळाला होता. तो पुढं आला, आणि त्यानं शुद्ध मराठीत, जशी तो मामलेदार कचेरीत बोलायचा तशी, विनंती केली, "बाई, आपण प्रत्यक्ष पाहिलंत. देवी कशी होती ते सर्वांना सांगावं."

शुभदानं सांगायला तोंड उघडलं आणि तिची नजर घुमटीमागं गेली. तिथं नर्मदा आते झाडणं घेऊन उभी होती. आणखी वाकली होती, पण तोंडावळा तोच.

"आजी," शुभदा म्हणाली, आणि सरळ तिच्यापाशी जाऊन तिचा हात धरला. "ह्याच त्या. ह्यांनीच माझ्या पायातला काटा काढला होता. आजी, ओळखलंत ना मला?"

सगळा गाव आतेकडं वळला. परशुरामाच्या तोंडावरचं रक्त उतरलं. धोंडू सरलाकडे बघायला लागला, सरला जमिनीकडे. सात वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही घरं एकाच वेळी आतेची वाट बघत होती.

आतेनं ओळखलं होतं. ती वाटेवर दिसली तेव्हाच ओळखलं होतं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं. तो हात हातात होता, आणि असा हात पुन्हा येणार नव्हता. एक शब्द टाकला असता की घुमटी ढासळली असती, मान ढासळला असता. तिनं परशुरामाकडे बघितलं. तो शिवेच्या दगडापाशी बघत होता तसाच खाली बघत होता.

"तुका चुकल्यासारखा झाला बाय," ती म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ती मी न्हय. मी म्हातारी, घरात तीन वेळ खातंय, दोन पोटच्या झीलांसारखे भाचे आसत माका. जित्या माणसाक घरची माणसा अशी मागे सोडून जातत काय? देवीच आसतली ती."

शुभदानं आतेकडं बघितलं, मग दोन्ही दारांकडे, आणि मग परशुरामाकडे. तिच्या लक्षात आलं. तिनं हात सोडला नाही, पण पुढं विचारलंही नाही. परशुरामाला वर बघवेना. गुरवानं घाईघाईनं गाऱ्हाण्याला सुरुवात केली, आणि गर्दीनं नेहमीसारखं "व्हय म्हाराजा" म्हटलं. आतेनंही म्हटलं.

गाऱ्हाणं संपल्यावर दोन्ही दारांतून नैवेद्याची ताटं आली आणि घुमटीपुढं मांडली गेली. पेज, तूप, नारळाचा चव. मुली रांगेत प्रसादाला बसल्या. आतेनं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि सांडलेली फुलं झाडायला घेतली. आदल्या संध्याकाळी पंधरवडा बदलला होता. कालपासून ती कुठं जेवली, हे दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं.